खडकवासल्याचे एका वर्षाचे बिऱ्हाड

(एका ऊस उत्पादक सभासदाकडून)



आपल्या पत्रिकेत लागणीविषयी, बेण्याविषयी, खोडव्याच्या निगेविषयी पुष्कळ वाचायला मिळते, आणि ते मिळायलाच पाहिजे. आज मी मात्र ऊसबिलाला फुटलेल्या एका नव्या वाटेविषयी लिहिणार आहे. बिल खात्यावर जमा होते, सोसायटीचे कर्ज वळते होते, खताच्या दुकानाचे देणे फिटते, आणि उरलेल्यातला मोठा हिस्सा दर महिन्याला पुण्याला जातो. कशाला? तर पोराच्या किंवा पोरीच्या शिक्षणासाठी तिकडे केलेल्या बिऱ्हाडाला. आज आपल्या गटागटांत अशी घरे आहेत. कुणी सांगते, कुणी सांगत नाही. आई तिकडे, बाप इकडे, म्हातारी माणसे दोन्हींच्या मध्ये. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘एका वर्षाचाच तर प्रश्न आहे हो.’

आमच्या घरानेही असे एक वर्ष काढले. सप्टेंबर २०२४ ते जुलै २०२५, खडकवासल्याला. त्यावरून माझे जे मत झाले ते आधीच सांगून टाकतो. हे बिऱ्हाड प्रत्येक घराने एकेकट्याने करणे आता परवडत नाही. पैशाने परवडत नाही आणि माणसांनीही परवडत नाही. उसाच्या बाबतीत आपण जे एकत्र येऊन केले, तेच मुलांच्या राहण्याच्या बाबतीत करायला हवे. कारखान्याने पुण्याच्या त्या बाजूला सभासदांच्या मुलींसाठी वसतिगृह चालवावे, असा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा. तो का, ते पुढे मांडतो.

खडकवासलाच का?

आमची मुलगी २०२४ साली बारावी झाली. मार्क बरे पडले. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तो सिंहगड रस्त्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयात. त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारने निर्णय काढला होता, की केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना, त्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातल्या असतील, तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. दाखल्यांसाठी तहसीलला चार खेपा झाल्या, पण काम झाले. आम्ही म्हटलं, आता काय राहिलं? पोरगी शिकली म्हणून समजा.

राहिले होते ते राहण्याचेच. वसतिगृहाची यादी भरून गेलेली. बाहेर मुलींच्या खोल्या बघितल्या. एका खोलीत चार कॉट, दाराला धड कडी नाही, डब्याला पाणीदार आमटी. अठरा वर्षांची पोरगी, पहिल्यांदाच घराबाहेर. आमच्या मंडळींनी निकाल दिला, ‘एक वर्ष मी जाते तिच्याबरोबर. पुढं तिचं ती बघंल.’ धाकटा आठवीत होता, त्याचाही शाळेचा दाखला काढला. गणपती गावी बसवले, गौरी जेवल्या, आणि टेम्पोत दोन कॉट, गॅसची शेगडी आणि ज्वारीचे पोते टाकून आम्ही खडकवासल्याला पोचलो. वडगाव, धायरीकडे भाडी जास्त म्हणून आणखी पुढे सरकत सरकत तिथवर गेलो, एवढेच. शहराच्या जितके आत जाल तितके भाडे वाढते आणि जितके बाहेर जाल तितका मुलांचा बसमधला वेळ वाढतो. सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत संध्याकाळी ज्याने बस धरली आहे त्याला हे सांगायला नको.

खडकवासला आपल्याला परके नाही. आपण ज्या मुठा उजव्या कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसतो, त्याचे तोंड तिथे आहे. इंग्रजी अमदानीत १८७९ च्या सुमारास ते धरण पुरे झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचीही भिंत गेली, पुण्याचे निम्मे अंग वाहून निघाले, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहे. शिकण्याचे ठिकाण म्हणूनही ते गाव जुने आहे. पंडित नेहरूंनी १९४९ च्या ऑक्टोबरात पायाभरणी केलेली राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी तिथेच, तलावाच्या काठाला. मुंबई इलाख्यात १९१६ साली सुरू झालेले जल व विद्युत संशोधन केंद्रही तिथेच. देशातल्या धरणांच्या आणि बंदरांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांत पाणी सोडून बघतात ते हेच केंद्र.

पण ही झाली सरकारी, कुंपणातली शिक्षणकेंद्रे. कुंपणाबाहेरचे विद्येचे गाव नवे आहे. आपल्या लहानपणी पुण्याला शिकायला गेला म्हणजे सदाशिव पेठेत नाहीतर फर्ग्युसन रस्त्याला गेला, असे समजत. गेल्या तीस वर्षांत वडगाव, नऱ्हे, आंबेगाव या पट्ट्यात अभियांत्रिकीची, फार्मसीची, व्यवस्थापनाची महाविद्यालये उभी राहिली. जिथे भाताची खाचरे होती तिथे इमारती आल्या. धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे खोल्या भाड्याने द्यायला लागली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड वगैरे गावे २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेली. कागदावर ते शहर झाले. प्रत्यक्षात अर्धे गाव, अर्धे शहर, आणि राहणारांत मोठा भरणा आपल्यासारख्यांचा. आमच्या इमारतीत सोलापूरचे होते, अहिल्यानगरचे होते, बीडचे होते. रविवारी धरणाच्या चौपाटीवर मक्याची कणसे आणि भजी खायला पुणेकर गाड्या घेऊन येत. वर्षभर रात्री एक वाजेपर्यंत दिवे जळत ते मात्र आपल्या भागातून आलेल्या पोरांच्या खोल्यांतले.

हिशेब टनात मांडू

आता हिशेब. आपल्याला रुपयांपेक्षा टन लवकर कळतात, म्हणून दोन्हींत मांडतो.

भाडे महिना ९,५०० रुपये. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे १,०४,५०० रुपये. दलालाला एक महिन्याचे भाडे, ९,५००. वाणसामान, गॅस, वीज, बसचे पास, पिण्याच्या पाण्याचे जार, औषधपाणी मिळून महिना ८,००० धरले, तर ८८,०००. सोडताना अनामत रकमेतून रंगकामाचे म्हणून कापून घेतले १२,०००. भिंतीला आम्ही एक खिळाही मारला नव्हता, पण भांडायला कोण थांबतो? एकूण २,१४,००० रुपये.

२०२४-२५ च्या हंगामाला केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये होता. त्या मूळ दराने हे होतात त्रेसष्ट टन. एकरी चाळीस टन उतारा धरला तर दीड एकराच्या वर ऊस झाला. तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. ती वजा केली, वर बेणे, खत, मजुरी, वीजबिल धरले, तर किती एकर लागतील ते ज्याचे त्याने मांडून बघावे. आणि यात कॉलेजची फी एक पैसाही नाही, ती माफ होती. फी माफ झाल्याचा पेढा आम्ही वाटला आणि त्रेसष्ट टन ऊस खोलीला घातला.

आता असे समजा, की आपल्या कार्यक्षेत्रातून अशी वीस घरे पुण्यात आहेत. वीस घरांचे वर्षाला झाले ४२ लाख ८० हजार. वीस ठिकाणी वीस दलाल, वीस अनामती, वीस शेगड्या. एवढ्या पैशात एक अख्खी इमारत भाड्याने घेऊन पोरी चांगल्या राहतील, ताजे जेवतील. सहकाराची साधी बेरीज आहे ही. एकट्याने गूळ घेऊन पेठेत बसणारा आपला शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचा. कारखाना झाला तेव्हा ते बघणे थांबले. घरमालकाच्या आणि दलालाच्या दारात आपण आज पुन्हा तसेच एकेकटे उभे आहोत.

जे वहीत लिहिले जात नाही

पैसे तरी वहीत लिहिता येतात. वहीत न लिहिलेला खर्च मला त्या वर्षात कळला.

आमच्या मंडळी घरात होत्या तोवर दोन गायींचे दूध डेअरीला जात होते. मी धारा काढायचो नाही. गायी विकाव्या लागल्या. खोडव्याला खताचा दुसरा हप्ता तीन आठवडे उशिरा पडला, कारण त्याच दिवसांत घरमालकाने नळ बंद केला म्हणून मी पुण्याला धावलो होतो. बांधणी रखडली, तणाने ऊस गाठला. बायका लावून खुरपण करून घेणे, त्यांच्या हजेरीचे टिपण ठेवणे, कुणाला किती उचल दिली ते ध्यानात ठेवणे, हे सगळे काम ती करीत होती. मी त्याला काम समजत नव्हतो. माझ्या आईला मोतीबिंदू. तिच्या डोळ्यांत थेंब घालायला दिवसातून तीनदा शेतावरून घरी यायचो. आई एकदा म्हणाली, ‘बाबा, तुझ्या बायकोनं घर उचलून नेलं रं.’ खरे होते. तिने काही नेले नव्हते, पण तिच्यामागे घर उभे राहत नव्हते.

तिकडे तिचीही अवस्था निराळी नव्हती. पहिले दोन महिने मुलगी कॉलेजला आणि मुलगा शाळेत गेला की ती एकटी. गावात दिवसभर दाराशी माणूस असते. इथे दारे बंद. ती फोनवर एवढेच म्हणायची, ‘इथं कुणी हाक मारत नाही हो.’ मुलाचेही तसेच. नवीन शाळेत मध्येच दाखल झालेला, पोरे गावाकडच्या बोलण्याला हसायची. जूनमध्ये तो परत गावच्या शाळेत नववीला आला तेव्हा सुखाने झोपला. एकीच्या शिक्षणापायी दुसऱ्याचे वर्ष आपण असे हलवतो. पुष्कळ घरांत होते हे, आणि बोलत कुणी नाही.

जानेवारीतले दिवस

जानेवारी २०२५ विसरणे शक्य नाही. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागात गुईयाँ-बारे सिंड्रोम नावाच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. पेपरांतून त्याला जीबीएस म्हणू लागले. पोट बिघडते, जुलाब होतात, आणि मग काही जणांच्या हातापायांतली ताकद जाते. कुणाला श्वासाचे यंत्र लावावे लागते. दूषित पाण्याशी आणि अन्नाशी त्याचा संबंध सांगितला गेला. केंद्राचे पथक आले, विहिरींचे, टाक्यांचे, टँकरचे पाणी तपासले गेले. राज्यात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, काही जण दगावले.

विचार करा. धरणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर राहायचे आणि पाण्याला भ्यायचे!

गावाकडून सगळ्यांचे फोन सुरू झाले, ‘घेऊन या त्यांना.’ मीही रात्रीची गाडी पकडून गेलो तो त्यांना आणायलाच. इमारतीतली तीन बिऱ्हाडे निघून गेलेली. मुलीची परीक्षा तोंडावर. ती म्हणाली, ‘पप्पा, आत्ता गेले तर सहा महिने जातील, आणि मग तुम्हीच म्हणाल, राहू दे आता.’ तिचे म्हणणे लागले मला. आपल्याकडे मुलींची शिक्षणे कुठल्या कारणाने मोडतात? आजारपण, लग्नाचे स्थळ, भाऊ बारावीला, आजी पडली. कारण दर वेळी खरेच असते. एकदा घरी आलेली पोरगी पुन्हा मात्र जात नाही.

आम्ही राहायचे ठरवले. मंडळींनी मोठे पातेले काढले. सकाळ-संध्याकाळ पाणी उकळून, गार करून, कळशीत झाकून ठेवायचे. बाहेरचे खाणे बंद. वरच्या मजल्यावर आठ मुली भाड्याने राहत होत्या. सगळ्या शेतकऱ्यांच्याच. त्यांच्याकडे एक छोटी शेगडी आणि दोन पातेली. दुसऱ्या दिवशी त्यातली एक बाटली घेऊन आली, ‘काकू, उकळलेलं पाणी मिळेल?’ तिसऱ्या दिवशी आठही बाटल्या दाराशी. मग पाण्याबरोबर भातही शिजू लागला. एकीला ताप आला तर तिला दवाखान्यात नेणे, तिच्या आईला फोन लावून देणे, हेही काकूंकडेच. तो महिना आमचे बिऱ्हाड नऊ मुलींचे झाले. खर्च पोरी वाटून देत होत्या. मंडळी मला म्हणाली, ‘दोन माणसांचा सैपाक करताना जीव जायचा माझा. दहांचा करताना बरं वाटलं.’

मला त्याच दिवशी वसतिगृहाची कल्पना सुचली. सुचली म्हणण्यापेक्षा डोळ्यांपुढे चालू होती ती दिसली. नऊ घरांतल्या नऊ आयांनी तिकडे जाऊन बसायची गरज नव्हती. एक जाणती बाई, एक मोठे पातेले आणि दाराला कडी एवढ्यावर काम भागत होते.

पाण्याची गोष्ट

आपल्या सभांमध्ये पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते, ‘आपलं पाणी पुणं पितं.’ खोटे नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा मिळून साठा २९.१५ टीएमसी. त्यावर शहराची मागणी वर्षागणिक वाढते आहे, आणि आपले आवर्तन पुढे ढकलले गेले की उभा ऊस वाळतो. त्यासाठी भांडलेच पाहिजे, आणि आपण भांडतोच.

पण त्या वर्षात मला याची दुसरी बाजू दिसली. उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या कडेकडेने शहरात शिरतो आणि पुढे हवेली, दौंड करीत इंदापूरकडे जातो. मंडळी भाजीला जाताना त्याच्या पुलावरून जात. एका सकाळी तिचा फोन आला, ‘अहो, कालवा पार वरपर्यंत भरून चाललाय. आपलं आवर्तन सुटलं वाटतं. मोटार बघून घ्या.’ चावडीवर बातमी यायच्या आधी मला घरून बातमी! पाणी आपल्या टेलपर्यंत पोचायला दिवस लागतात, तोवर फुटव्हॉल्व्ह दुरुस्त करून झाला. त्याच कालव्याची भिंत सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ फुटली होती आणि वस्तीतली घरे पाण्यात गेली होती. तिथल्या बाया अजून ते सांगतात. आपल्यासाठी निघालेले पाणी वाटेत कुणाच्या तरी घरात शिरले होते, हे आपल्याला कधी जाणवलेही नसेल.

सांगायचे ते असे. ‘पुणं पाणी पितं’ म्हणताना त्या पुण्यात आता आपलीही मुले आहेत. तीही त्याच नळाखाली बाटल्या भरतात, आणि नळाला नाही आले तर टँकरच्या मागे उभी राहतात. म्हणून शहराशी आपले नाते आता नुसते भांडणाचे ठेवून चालणार नाही. तिथे आपलेही एक घर पाहिजे, हक्काचे.

हे काही नवे नाही

कुणी म्हणेल, कारखान्याचे काम साखर काढायचे, खाणावळ चालवायचे नाही. त्याला उत्तर आपल्याच इतिहासात आहे.

पुण्यात पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्यांना ओळख होती त्यांचे वार लागत. बहुजनांच्या पोरांना कुठले वार? म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. त्यांनी ओळखले होते, की शाळा काढली तरी पोराला रात्री टेकायला जागा नसेल तर शाळा रिकामीच राहणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले. मुलींच्या बाबतीत महर्षी कर्व्यांचे नाव घ्यावे लागेल. १८९६ साली सुरू केलेला आश्रम त्यांनी पुढे १९०० मध्ये हिंगण्याला नेला, तेव्हा तिथे माळरान होते. खडकवासल्याहून पुण्यात येताना नदीपलीकडे आज कर्वेनगर दिसते, तेच ते ठिकाण.

आणि सहकारात तर प्रवरेचे उदाहरण समोर आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला कारखाना उभा केला, १९५०-५१ ला पहिला हंगाम झाला. साखरेच्या मागोमाग तिथे शाळा आल्या, महाविद्यालये आली. त्या लोकांनी ‘आपलं काम साखरेचं’ असे म्हटले नाही.

शंका आणि उत्तरे

पहिली शंका कपातीची. ‘आणखी एक कपात का?’ कपातीच्या नुसत्या नावाने आपला सभासद दचकतो, आणि त्याला कारण आहे. म्हणून मी स्पष्ट सांगतो, टनामागे कपात नको. ज्यांची मुलगी राहील त्यांनीच परतीची अनामत आणि महिन्याचा खर्च द्यावा, ना नफा ना तोटा. कारखान्याने आपली पत उभी करावी, करार आपल्या नावाने करावा आणि हिशेब तपासावा. इमारत बांधायची घाई नको. दोन मजले भाड्याने घेऊन तीन वर्षे चालवून बघावे. पोटनियमात कसे बसवायचे ते कार्यकारी संचालक आणि सहकार खाते बघतील.

दुसरी शंका, मुलींसाठीच का? मुलगा चार जणांत कुठेही पथारी टाकतो. मुलीला जागा नसली की तिचा प्रवेशच रद्द होतो. आधी मुलींचे होऊ द्या, मग मुलांचे. ३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. आमचे बिऱ्हाड तेव्हा तिथेच होते. त्या दिवशी आमच्या इमारतीत सगळ्या पोरी मोबाईलवर ते संचलन बघत होत्या. कुंपणाच्या आत मुलींना जागा व्हायला सत्तर वर्षे लागली. कुंपणाबाहेर आपण किती लावणार?

तिसरी शंका, ज्यांचे कुणी पुण्यात शिकत नाही त्यांना काय? त्यांच्यासाठी कारखान्याच्या शेतकी खात्यात एक टेबल असावे. प्रवेशाचे कागद, उत्पन्नाचा दाखला, शुल्कमाफी, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने असलेला वसतिगृह निर्वाह भत्ता, यांचे अर्ज तिथे भरून मिळावेत. ऊसनोंदीला जशी स्लिप मिळते तशी याचीही पोच मिळावी. हे टेबल सगळ्यांच्या उपयोगाचे आहे.

आणि एक गोष्ट आपल्या मनाला विचारण्यासारखी. आम्ही एक वर्ष बिऱ्हाड हलवले तर त्यावर एवढे पान भरून लिहितो आहे. आपला ऊस तोडायला बीडकडून येणारी माणसे दरवर्षी बिऱ्हाड हलवतात. पाच-सहा महिने कोपीत राहतात, आणि त्यांच्या पोरांची शाळा दरवर्षी मोडते. २०२१ साली सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली, ते योग्य झाले. आपल्या वसतिगृहातही त्यांच्या शिकलेल्या मुलींसाठी चार जागा राखून ठेवाव्यात, आणि त्यांचा खर्च कारखान्याने उचलावा. त्यांच्या कोयत्यावर आपले बिल उभे आहे. एवढे आपण देणे लागतो.

शेवटचे

जुलैत करार संपला. मुलगी आता त्याच वरच्या मजल्यावरच्या मुलींबरोबर राहते, दुसऱ्या वर्षाला आहे. मंडळी गावी परतल्या. आल्या दिवशी त्यांनी गोठ्यात जाऊन बघितले. रिकामा गोठा बघून काही बोलल्या नाहीत. रात्री जेवताना म्हणाल्या, ‘सभासद तुम्ही. शेअरचा दाखला तुमच्या नावाचा. सभेला तुम्ही जाणार. पण वर्ष कुणी काढलं? वसतिगृहाची कमिटी करणार असाल तर त्यात निम्म्या बाया घ्या, म्हणजे दाराला कडी आहे का ते तरी कुणी बघंल.’

त्यांचे हे म्हणणे मी जसेच्या तसे संचालक मंडळापुढे ठेवतो. सभासद बंधूंनी सभेला येताना आपापल्या घरच्या बिऱ्हाडाचा हिशेब टनात मांडून आणावा, आणि घरच्या बाईला विचारून आणावा. मग ठरावाला हात वर करायचा की नाही ते ठरवावे.

लेखात काही अधिक-उणे लिहिले गेले असल्यास क्षमा असावी. विचार व्हावा, ही विनंती.